पथ्याचे पाणी आणि परिचारिकेचे आहारज्ञान

कान्ह नदीकाठची जुनी इंदूर ही इंदूर शहराच्या प्राचीन वस्त्यांपैकी एक. होळकरांच्या काळापासून या शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी सणवारांबरोबर पथ्याचे संकेतही जपले आहेत. आजाऱ्यासाठी साबुदाण्याची पेज, मऊ भात आणि वरणावरचे निवळ पाणी. रुग्ण महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाला, तरी असे संकेत घरच्या डब्यातून त्याच्या खाटेपर्यंत पोहोचतात. तेथे त्यांची पारख करावयाची असते ती परिचारिकेने. डॉक्टर ‘हलका आहार’ एवढेच लिहितात, आहारतज्ज्ञ तक्ता आखून देतात. परंतु रुग्णाच्या मुखात प्रत्यक्ष काय गेले, हे तिलाच दिसते.

मूगडाळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. मात्र त्यांतील बहुतांश भाग वाटीच्या तळाशी बसलेल्या गाळात राहतो आणि आजाऱ्याला मिळते ते वरचे पाणी. तीच डाळ घोटून पातळ केली, तर पचनास जड न होता पोषण करते. साबुदाण्यात उष्मांक भरपूर, पण प्रथिने जवळजवळ नाहीतच. साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. मोठ्या भाजण्यानंतर ही गरज दुपटीच्या घरात जाते. अशा वेळी आठवडाभर पेजेवर ठेवलेल्या रुग्णाची जखम भरून येण्यास विलंब लागतो. मूत्रपिंडाच्या विकारांत हिशेब निराळा असतो, हेही परिचारिकेस ठाऊक असावे लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात गोमांसाच्या अर्काबद्दल हाच आक्षेप घेतला होता. तो आटवून पाहिल्यास घन अंश चमचाभरही उरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्या वरणाच्या पाण्याची कथा वेगळी नाही.

सलाईनविषयीचा भ्रम तर याहून दृढ आहे. बाटली लागली म्हणजे जेवण झाले, असे नातेवाइकांना वाटते. वास्तविक पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये एखाद्या पोळीइतकीच ऊर्जा असते, आणि निव्वळ मिठाच्या सलाईनमध्ये तीही नसते.

अतितीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत मात्र घाईच घातक ठरते. त्याला एकदम भरपेट आहार दिल्यास रक्तातील क्षारांचा तोल बिघडून प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रारंभी १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असलेले दूध थोडे थोडे, दर दोन तासांनी, रात्रीही पाजावयाचे असते. रात्रीची एखादी पाळी चुकली, तर पहाटे बालकाची साखर उतरते आणि अंग गार पडते.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात आहारशास्त्र शिकविले जाते. परीक्षेत जीवनसत्त्वांची कोष्टके अचूक लिहिणारी विद्यार्थिनी डब्यातील पेज पाहून नातेवाइकांशी काय बोलते, यावर त्या विषयाची खरी कसोटी लागते. ‘हे देऊ नका’ म्हटल्यास त्या दुखावतात. ‘आजी, वाटीच्या तळाची डाळ घोटून आणा, वर थोडे तूप घाला’ म्हटल्यास दुसऱ्या दिवशी तसाच डबा येतो. नाडी व तापमानाच्या नोंदींशेजारी ताटात किती उरले, याचीही नोंद परिचारिकेने ठेवावयाची असते.