खोट्या किल्ल्या

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे गाव विष्णुवराहाच्या जुन्या मंदिरासाठी जाणत्यांना ठाऊक आहे. भोवतालचा मुलूख गव्हाहरभऱ्याचा. या मुलखात एका कडधान्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. इकडे त्याला तिवडा म्हणतात, विदर्भात लाखोळी, अन्यत्र खेसरी. ज्याच्या नावाचे स्लीमनाबाद वसले आहे, त्या स्लीमन साहेबाने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागरकडील एका खेड्याची हकीकत दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, पुढल्या वर्षी अवर्षणाने, त्यापुढे रोगाने. तिवडा मात्र जोमाने वाढला. लोकांनी तोच खाऊन दिवस काढले. १८३३ पासून तरुण माणसांचे कमरेखालील अंग एकाएकी लुळे पडू लागले, आणि दोन वर्षांत त्या गावातील निम्मी तरुण मंडळी पांगळी झाली. बुद्धी शाबूत, हात शाबूत. पाय तेवढे गेले.

त्या विषाचा छडा लागण्यास १९६४ साल उजाडावे लागले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आदिगा आणि सर्मा या संशोधकांनी तिवड्याच्या दाण्यातून एक आम्ल वेगळे केले. त्याची घडण ग्लुटामेटशी जुळती आहे, आणि सगळा अनर्थ या साम्यातच आहे. ग्लुटामेट हा मेंदूतील एका पेशीचा निरोप दुसरीला पोचविणारा हरकाऱ्या होय. निरोप घेणाऱ्या पेशीवर त्याच्यासाठी प्रथिनांची दारे असतात. ग्लुटामेटची किल्ली लागली की दार क्षणभर उघडते, विद्युत्भारित कण आत शिरतात, आणि दार मिटते. खोटी किल्ली लागली तर ते पुनःपुन्हा उघडत राहते. आत कॅल्शियमचा लोंढा येतो आणि पेशी श्रमून मरते.

ही दारे मुख्यतः तीन घराण्यांची आहेत. तिवड्याचे विष त्यांपैकी ॲम्पा नावाच्या घराण्यावर विशेष चालते. त्याचे भावंड म्हणजे काइनेट. हे नाव जपानच्या किनाऱ्यावरील एका समुद्रशेवाळापासून आले. जंतांवर औषध म्हणून ते शेवाळ तिकडे पूर्वापार देत असत. १९५३ साली त्यातील काइनिक आम्ल शुद्ध रूपात हाती आले. पुढे ते प्राण्यांना टोचले असता त्यांना अपस्माराचे झटके येतात आणि मेंदूचा एक ठराविक भाग मरतो, असे दिसून आले. हा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस; समुद्रघोड्याच्या आकाराचा, नव्या आठवणी बांधणारा.

त्याच्या एका पट्ट्यात, ज्यास शास्त्रज्ञ सीए-३ म्हणतात, काइनेटची दारे दाटीने असतात. इतर दारे क्षणार्धात मिटतात. या दारांतून येणारा प्रवाह क्षीण असतो, पण रेंगाळतो. त्यामुळे मागेपुढे आलेले निरोप एकमेकांत मिळू शकतात. काही दारे तर निरोप पाठविणाऱ्या पेशीच्याच टोकाशी असतात आणि हरकारे किती सोडावयाचे हे ठरविण्यास हातभार लावतात. थोडक्या ग्लुटामेटने ती ओघ वाढवितात, अधिक झाल्यास आवरतात. द्वारपालाने घरमालकालाही टोकावे, तसाच हा प्रकार! परंतु एवढ्या नाजूक तोलामुळेच हा पट्टा विषास लवकर बळी पडतो.

याचा दाखला १९८७ साली कॅनडात मिळाला. प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही वृद्ध दगावले. शिंपल्यांनी खाल्लेल्या सूक्ष्म शैवालात डोमोइक आम्ल होते, आणि ते काइनेटच्या दाराला नेमके बसते. वाचलेल्यांपैकी काहींना जुने आयुष्य आठवत होते, पण नवे काही मनात ठरत नव्हते. मृतांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसची हानी आढळली. एका विषाने पाय नेले, दुसऱ्याने स्मृती. किल्ल्या एकाच जातीच्या, दारे निराळी.

शिंपल्यांतील विष शिजवून जात नाही. तिवड्याचे पाण्यात उतरते. म्हणून दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास बराच धोका टळतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘महातिवडा’ ही अल्पविषारी जातही काढली आहे. तथापि दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही दुर्मिळ होतात, आणि जमीन तहानलेली असली की तिवड्यातील विषाचे प्रमाणही वाढते.