बालहक्क : करार जगाचा, जबाबदारी आपली

धानाची कापणी आटोपली की छत्तीसगडमधील अनेक मजूर कुटुंबे बिऱ्हाड गुंडाळून परप्रांतातील वीटभट्ट्यांची वाट धरतात. रायपूर स्थानकातूनही अशी कुटुंबे गाडी पकडतात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि शाळा अर्ध्यावर सुटते. भट्टीवर विटा उलटणाऱ्या या लहान हातांना कोणी वाली आहे का?

कागदावर तरी साऱ्या जगाने त्यांची जबाबदारी घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क करार संमत केला. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला शिक्षणाचा, आरोग्याचा आणि शोषणापासून संरक्षणाचा हक्क आहे, असे तो सांगतो. अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी तो स्वीकारला आहे.

भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी या करारात सामील झाला. पण बालमजुरी एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने बंद करू, असे सांगूनच. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली ती २०१६ मध्ये. तीतही शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची पळवाट राहिलीच.

दाद कुठे मागायची?

कराराचे पालन होते की नाही, हे जीनिव्हा येथील समिती सरकारांच्या अहवालांवरून तपासते. मुलांना थेट तिच्याकडे तक्रार करता यावी, अशी सोय २०१४ पासून झाली. परंतु त्या व्यवस्थेत भारत सामील नाही. म्हणजे रायपूरच्या मुलाला दाद मागायची ती इथल्याच कायद्याकडे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार निराधार किंवा कामाला जुंपलेले मूल सापडल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

मात्र ही चक्रे फिरण्यासाठी आधी कोणाला तरी ते मूल दिसावे लागते. १०९८ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो. ठिकाण, मुलाचे अंदाजे वय आणि तो करीत असलेले काम एवढे सांगितले तरी पुरे.

आणि नजर स्थानकापुरतीच कशाला? १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणे २००६ पासूनच गुन्हा आहे. ‘गरिबाच्या पोरीला दोन घास मिळतात’ म्हणून तिच्या हाती आपला केरसुणी-पोछा देणाऱ्या घरांनी आधी तिच्या हाती पाटी-पुस्तक द्यावे.