वादळाआधी औषधाचा डबा भरा

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन दुकानांपुढे गर्दी होते, एक हार्डवेअरचे आणि दुसरे किराण्याचे. पत्र्याचे हूक, दोरखंड, ताडपत्री, मेणबत्त्या, कांदे-बटाटे सारे घरी येते, आणि ते यायलाच हवे. औषधांच्या दुकानात मात्र त्या दिवशी रोजच्याइतकीच माणसे असतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वारा काही तासांत ओसरला. वीज मात्र कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. डॉक्टर म्हणून मला त्या काही तासांपेक्षा पुढच्या आठवड्यांची धास्ती अधिक वाटते.

त्या वादळानंतर चौथ्या दिवशी एक मावशी चालत दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, माझी ती सकाळची बारीक पांढरी गोळी द्या." घराचे छप्पर उडाले, त्यात औषधांची पिशवी आणि कागद भिजून गेले. मुंबईच्या मुलाला विचारावे तर मोबाईलचे टॉवर बंद. बारीक पांढऱ्या गोळ्या माझ्या कपाटातच वीस तऱ्हेच्या असतील! रक्तदाब पाहिला तो १९० च्या वर. औषध नव्याने ठरवून दिले, पण हे सारे एका चिठ्ठीने टळण्यासारखे होते.

हवामान खात्याच्या सूचना टप्प्याटप्प्याने येतात. साधारण ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी इशारा, २४ तास आधी पक्की धोक्याची सूचना. घरात कोणी आजारी असेल तर ४८ तासांचा इशारा हाच मुहूर्त समजावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, थायरॉईड, फिट्स आणि मानसिक आजार यांची निदान पंधरा दिवसांची औषधे घरात हवीत. फिट्सची गोळी तर एक दिवसही चुकवू नये. ती अचानक बंद पडली तर एकामागून एक झटके येऊ शकतात. कंपनीचे नाव नव्हे तर औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, एवढे एका कागदावर लिहा. तो कागद औषधांबरोबर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. घर सोडायची वेळ आली तर दागिन्यांच्या आधी हा डबा उचला.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न फ्रिजचा असतो. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली २५ ते ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण महिनाभर टिकते, म्हणून वीज गेली की लगेच घाबरू नये. न उघडलेल्या बाटल्यांसाठी फ्रिजचे दार शक्यतो बंदच ठेवा. वीज लवकर येत नाही असे दिसले की आपले मातीचे मडके काढा. त्यात थोडे पाणी घाला, बाटली घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून डबी आत सोडा आणि मडक्यावर ओले फडके गुंडाळा. बर्फात मात्र ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामीच असते. दुसरे, वादळाच्या दिवशी जेवणाचे भान राहत नाही. इंजेक्शन वेळेवर आणि जेवण मात्र नाही, असे झाले तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. जेवण समोर आल्याशिवाय सुई टोचू नका आणि साखरेचा डबा हाताशी ठेवा.

दम्याच्या रुग्णांनो, नेब्युलायझर विजेवर चालतो, म्हणून पंप आणि स्पेसर जवळ हवाच. डायलिसिसवर असलेल्यांनी पाळी आधी उरकता येईल का, हे केंद्रात विचारावे. नववा महिना लागलेल्या सुनेला दोन दिवस आधीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे पोचवा. १०८ ची गाडी तुमच्यासाठी निघेल, पण रस्त्यावर आडवे पडलेले आंबा-फणस तिला वाट देणार नाहीत.

आता प्रत्यक्ष वाट पाहण्याचे तास. खिडक्यांपासून दूर माजघरात बसावे, मेन स्वीच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, पायात चप्पल असू द्यावी. धडधड होणे, पोटात कालवणे, झोप न लागणे हे अशा वेळी स्वाभाविक आहे. पण छातीवर दाब येऊन घाम फुटला, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर 'भीतीने होतंय' किंवा 'पित्त झालंय' म्हणून दडपू नका. भीती घालवायला 'घोटभर' घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की छप्पर कोसळू लागले तर धड उठता आले पाहिजे. मुलांना पाणी भरण्याचे, आजीजवळ बसण्याचे काम द्या. काम असलेले मूल कमी घाबरते.

मध्येच वारा एकदम पडला तरी बाहेर येऊ नका. वादळाच्या मधोमध शांत जागा असते, तिला डोळा म्हणतात. ती पुढे सरकली की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो, आणि नुकसान पाहायला बाहेर पडलेला माणूस त्यात सापडतो.

वाचकहो, पाण्याचे दोन शब्द. पिंप, कळश्या आधी भरून ठेवा. नंतर विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. सरपण भिजलेले असते, म्हणून ब्लीचिंग पावडरचा हिशेब सांगतो. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी २ मीटर खोल असेल तर पाणी सुमारे १४,००० लिटर, म्हणजे पावडर ३५ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा आणि तासभर थांबा. पुराचे गढूळ पाणी शिरलेल्या विहिरीला हे प्रमाण पुरत नाही. तेथे आरोग्य सेवकाला बोलावून पाणी तपासून घ्या.

वादळ गेल्यावर कौले चढवायची घाई सगळ्यांनाच असते. ओल्या छपरावर एकट्याने चढू नका. पत्रा कापला, खिळा घुसला तर जखम साबणाने भरपूर धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. जनरेटर घरात किंवा पडवीत लावू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. पडलेल्या पाचोळ्यात, कौलांच्या ढिगात फुरसे दडते. चावलेच तर आवळपट्टी नको, ब्लेडने कापणे नको. तो हातपाय न हलवता सरळ रुग्णालयात न्या, लस तेथेच मिळते.

चिखलात राबल्यावर पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि डोळे लाल होणे ही लेप्टोची लक्षणे असू शकतात. डॉक्सीसायक्लिन मनानेच विकत घेऊन खाऊ नका, गरोदर बाईला तर नाहीच. ताप आल्याच्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांकडे जा आणि चिखलात काम केले होते हे न विचारता सांगा.