उत्तर नागपूरचे मत गठ्ठ्याने पडत नाही

निवडणूक जवळ आली की पांढरपेशी वृत्तपत्रे आमच्या समाजाच्या मतांचा हिशेब मांडायला बसतात. कुणी त्याला 'गठ्ठा मते' म्हणतो, तर कुणी 'मतविभागणी झाली' म्हणून गळा काढतो. इतर समाजांनी तीन-तीन पक्षांना मते दिली तर तो त्यांचा विचार ठरतो. बौद्धांनी दोन पक्षांना दिली की ती फूट ठरते. हा हिशेब त्यांच्यापाशीच राहू द्या. उत्तर नागपूरने प्रत्यक्षात काय केले, तेवढे आम्ही येथे मांडतो.

इंदोरा, बेझनबाग, पंचशीलनगर, टेका नाका अशा वस्त्यांचा हा राखीव मतदारसंघ. जरीपटक्यात सिंधी समाज आहे, मुस्लिम आहेत, हिंदी भाषिक आहेत. पण आंबेडकरी मत ज्या बाजूला झुकेल तिकडे पारडे जाते. १९९० मध्ये येथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे उपेंद्र शेंडे आमदार झाले. १९९५ मध्ये भाजप आला आणि १९९९ पासून सलग तीन वेळा काँग्रेसचे नितीन राऊत. रिपब्लिकन आमदार मात्र पुन्हा येथून विधानसभेत गेला नाही. ज्या नागपुरात १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेथेच गटांनी त्याचे काय केले हे सांगायला आमची गरज नाही.

पक्ष फुटला तरी निळा मतदार संपला नाही. तो हत्तीकडे गेला. हत्ती हे मुळात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह. म्हाताऱ्या माणसांना ते ओळखायला शिकवावे लागले नाही. लोकसभेला नागपुरात २००९ मध्ये बसपाला एक लाखाहून अधिक मते पडली. २०१४ मध्ये सुमारे ९६ हजार. २०१९ मध्ये ती ३२ हजारांच्या आसपास आली. यावरून हत्ती मेला म्हणावे, तर या दोन लोकसभांच्या मध्येच, २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजपच्या १०८ जागांच्या लाटेत बसपाचे १० नगरसेवक निवडून आले, आणि त्यातले बहुतेक याच भागातले. मतदार तोच. नळ, नाली, दाखला यांसाठी त्याला आपला माणूस हवा होता. दिल्लीसाठी त्याला अडवणारा हवा होता. (मतयंत्र जात सांगत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वस्तीतल्या बूथचा निकाल वस्तीला वाचता येतो.)

या दोन गरजा एकमेकींवर आदळल्या त्या २०१४ च्या विधानसभेत. भाजपचे मिलिंद माने सुमारे ६९ हजार मते घेऊन विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर बसपाचे किशोर गजभिये, ५५ हजार. विद्यमान मंत्री राहिलेले राऊत ५० हजारांवर, तिसरे. काँग्रेसवाले आजही म्हणतात की हत्तीने आमची जागा पाडली. दुसरा असताना तिसऱ्याने त्याला मते खाल्ली म्हणणे, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? काँग्रेसनेच बसपाची जागा पाडली, असे कुणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पण त्या निकालाचा धडा मतदारांनी घेतला, नेत्यांनी नव्हे. २०१९ मध्ये राऊत परत आले. २०२४ च्या लोकसभेत संविधान बदलाची चर्चा घरोघरी पोहोचली होती. वंचित बहुजन आघाडीने नागपुरात काँग्रेसच्या विकास ठाकरे यांना पाठिंबा दिला. गडकरी जिंकले, पण उत्तर नागपुरात ठाकरे पुढे होते. त्याच वर्षी विधानसभेत राज्यभर महायुतीची लाट असताना राऊत पुन्हा निवडून आले.

आता या मताचा अर्थ काँग्रेसने नीट समजून घ्यावा. अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले, तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. त्या भवनासाठी आमच्या आयाबहिणी धरणे धरून बसल्या. तरीही २०२४ मध्ये मत आघाडीला पडले. ते संविधानासाठी पडले. भवनाचा जाब माफ झाल्याची ती पावती नाही.

आणि आपल्या पक्षांनाही विचारले पाहिजे. १९५२ मध्ये मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला तेव्हा संयुक्त मतदारसंघाचा फास दिसत होता. राखीव जागेवर इतरांच्या मतांनी इतरांचा माणूस निवडून येतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. उत्तर नागपुरात मात्र पुणे कराराकडे बोट दाखवून भागत नाही. येथे निकाल आपल्या हातात होता आणि आहे. राखीव जागेवर सगळे उमेदवार जन्माने आपलेच असतात. प्रश्न इतकाच की निवडून आल्यावर ते वस्तीला उत्तर देतात की पक्षश्रेष्ठींना. २०१७ मध्ये दहा नगरसेवक दिले होते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून महापालिकेवर प्रशासक आला, तोपर्यंतच्या पाच वर्षांत सभागृहात काय मांडले, कोणता ठराव कुणी अडवला, किती निधी कोणत्या वस्तीला आला, याचा एका पानाचा छापील हिशेब इंदोऱ्याच्या चौकात कुणी वाटला काय?