सायकल बाजूनेही दिसायला हवी!

गोंदिया (खास प्रतिनिधी) - डिसेंबरच्या सुरुवातीला गोंदियात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईच्या तुलनेत येथील सूर्यास्त सुमारे अर्धा तास आधी होतो. त्यामुळे शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावांतून राईस मिल, बाजारपेठ वा शिकवणी वर्गासाठी सायकलने ये-जा करणाऱ्यांचा परतीचा प्रवास हिवाळ्यात अंधारातच होतो. यांपैकी काहींच्या सायकलींना पुढे-मागे दिवे असतात, अनेकांच्या सायकलींना तेही नसतात. मात्र पुढे-मागे दिवे असलेली सायकलही एका दिशेने जवळजवळ अदृश्यच राहते. ती दिशा म्हणजे सायकलची बाजू. चौकात, गल्लीच्या तोंडाशी किंवा रस्ता ओलांडताना धोका नेमका तिकडूनच येतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के, म्हणजे साडेचार हजारांहून अधिक होते. या सर्वच अपघातांचे कारण अंधार होता, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या अपघातांत 'सायकल दिसलीच नाही' असे चालक सांगतो, ते टाळण्याचा उपाय बराच स्वस्त आहे.

चाळीस मीटरचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात मोटार २१ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर ती थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे चालकाला सायकल किमान ४० मीटर आधी दिसली पाहिजे.

मोटार ४० मीटर अंतरावर असते त्या क्षणी आडव्या रस्त्याने ताशी १५ किलोमीटर वेगाने येणारा सायकलस्वार चौकापासून सुमारे १२ मीटर बाजूला असतो. मोटारीच्या हेडलाइटचा झोत पडतो तो समोरच्या रस्त्यावर. त्यातही आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने 'डिपर'चा झोत डावीकडे अधिक लांब आणि उजवीकडे कमी पडतो. परिणामी उजवीकडून येणारा सायकलस्वार झोतात शिरतो तेव्हा ब्रेक लावण्याची वेळ निघून गेलेली असते.

सायकलचा पुढचा दिवा पुढे आणि मागचा लाल दिवा मागे प्रकाश टाकतो. बाजूने पाहणाऱ्याला त्यातले फारसे काही दिसत नाही. जुन्या पिढीच्या सायकलींवरील सहा व्होल्टच्या डायनामोची आणखी एक अडचण होती. चाक थांबले की दिवा विझे. चौकात थांबलेला सायकलस्वार, म्हणजे ज्याला दिसण्याची सर्वाधिक गरज, तोच अंधारात उभा राही.

परावर्तक आणि दिवा यांतील फरक

पेडलवरील पिवळ्या पट्ट्या, चाकातील परावर्तक आणि मडगार्डवरील लाल काच यांना स्वतःचा प्रकाश नसतो. त्यांच्यावर पडलेला प्रकाश ते आला त्याच दिशेने परत पाठवितात. मागून येणाऱ्या वाहनासाठी ही युक्ती उत्तम चालते, कारण सायकल त्याच्या झोतातच असते. आडव्या रस्त्यावर मात्र झोतच पोहोचलेला नसतो, तेथे परावर्तक काय परत पाठविणार? म्हणून बाजूच्या दृश्यतेसाठी परावर्तकांच्या जोडीला स्वयंप्रकाशी दिवा लागतो.

दुकानात मिळणारी प्रत्येक चकचकीत पट्टी परावर्तक नसते. कॅरिअरला बांधलेली जुनी सीडीही नसते, ती आरशाप्रमाणे प्रकाश भलतीकडे फेकते. खरी पट्टी ओळखण्याची रीत सोपी आहे. अंधारात दहा पावलांवर उभे राहून टॉर्च डोळ्याजवळ धरावा. पट्टी कोणत्याही कोनातून पेटल्यासारखी उजळली, तर ती परावर्तक समजावी.

कोणता दिवा, कोठे लावावा?

पहिला पर्याय स्पोकवर बसणाऱ्या छोट्या एलईडी दिव्यांचा. हे दिवे बहुधा नाण्याएवढ्या बटण सेलवर चालतात आणि शे-दोनशे रुपयांत जोडी मिळू शकते. चाक फिरू लागले की प्रकाशाचे वर्तुळ दिसते व ही सायकल आहे हे चालकाला लगेच उमगते. एका चाकात दोन दिवे लावायचे झाल्यास ते समोरासमोर लावावेत, म्हणजे तोल राहतो. चिमटा व ब्रेकला ते घासत नाहीत ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे.

दुसरा पर्याय फ्रेमच्या दांडीवर चिकटविण्याच्या एलईडी पट्टीचा. येथे अनेकांची फसगत होते. बाजारात मिळणारी बहुतांश पट्टी १२ व्होल्टची असते, तर मोबाइलची पॉवर बँक ५ व्होल्ट देते. त्यामुळे ५ व्होल्टचीच पट्टी मागून घ्यावी. दोन वॉट वीज घेणारा तुकडा १० हजार मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेवर साधारण १५ तास चालू शकतो. मात्र फारच कमी वीज ओढली गेल्यास काही पॉवर बँका आपोआप बंद होतात, याची चाचणी घरीच करावी. पावसाळ्यासाठी जोड सिलिकॉनने बंद करावेत.

तिसरा आणि सर्वांत स्वस्त भाग परावर्तक पट्टीचा. सळईच्या ब्रेकच्या जुन्या धाटणीच्या सायकलीत ब्रेकचे गुटके रीमच्या आतील अंगाला लागतात. त्यामुळे रीमच्या बाजूला पट्टी चिकटविता येते. नव्या धर्तीच्या सायकलीत बऱ्याचदा ब्रेक रीमच्या बाजूलाच घासतो, तेथे पट्टी चिमट्यावर व मागच्या दांड्यांवर लावावी.

रंगांचा संकेत पाळणे आवश्यक आहे. पुढे पांढरा, मागे लाल आणि बाजूला पिवळा वा नारिंगी. पुढे लाल दिवा लावल्यास सायकल दूर जात आहे की जवळ येत आहे, याबद्दल चालकाचा गोंधळ उडतो.

अनुभव काय सांगतो?

डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये ३ हजार ८४५ सायकलस्वारांवर प्रयोग झाला. त्यांपैकी १ हजार ८४५ जणांच्या सायकलींना सतत चालू राहणारे दिवे बसविण्यात आले. वर्षभरात या गटात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण १९ टक्के कमी आढळले. नेदरलँड्समध्ये चाकांवर बाजूने दिसणारी परावर्तक वर्तुळे सक्तीची आहेत. आपल्याकडे लखनौच्या खुशी पांडे या तरुणीने, धुक्यात मोटारीच्या धडकेने सायकलस्वार आजोबा गेल्यानंतर, कष्टकऱ्यांच्या सायकलींना मोफत लाल दिवे बसविण्याचे काम सुरू केले.

कायद्याच्या अंगाने पाहता सायकल हे मोटार वाहन नसल्याने १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील दिव्यांच्या तरतुदी तिला लागू होत नाहीत. राज्याच्या १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम ३३ नुसार रस्त्यावरील वाहनांच्या दिव्यांची संख्या, जागा व वेळ ठरविण्याचे नियम करता येतात. २०२० मध्ये केंद्राने सायकलींवरील परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. मात्र वर्षानुवर्षे वापरात असलेल्या सायकलींचे काय, हा प्रश्न उरतोच.

सायकलस्वाराने दिवा लावला म्हणजे इतरांची जबाबदारी संपत नाही. बंद पथदिवे दुरुस्त करणे, चौकात वेग कमी करणे आणि समोरच्याचे डोळे दिपविणारा 'अप्पर' टाळणे हेही तितकेच गरजेचे आहे. शाळा व राईस मिलच्या व्यवस्थापनांनी हिवाळ्याच्या तोंडावर एक दिवस दिवे आणि पट्ट्या बसविण्यासाठी राखून ठेवला, तरी बरेच साधेल.

थोडक्यात महत्त्वाचे

- प्रत्येक चाकाला किमान एक स्पोक दिवा व दोन्ही बाजूंनी परावर्तक पट्टी लावावी.
- पेडलवरील परावर्तक तुटले असल्यास बदलावेत. वर-खाली होणारा प्रकाश चटकन लक्ष वेधतो.
- घोट्याला परावर्तक पट्टा बांधावा.
- दिवे धुळीने माखतात, आठवड्यातून एकदा पुसावेत.
- सायकल कोणाला तरी चालवायला सांगून अंधारात ४० मीटरवरून, बाजूने पाहावी. दिसली नाही, तर दिवा अपुरा आहे.