एका वायूचा हिशेब

व्याख्यानाला आलेल्या मंडळींपुढे गणित मांडणे शिष्टाचाराला धरून नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आज एक मांडतो. ते सेंद्रिय रसायनाच्या पहिल्या धड्यांतले आहे आणि त्याचे उत्तर थेट आपल्या न्हाणीघरापर्यंत येते.

गणित असे. कार्बन आणि हायड्रोजन ही दोनच मूलद्रव्ये असलेला, म्हणजे हायड्रोकार्बन जातीचा, एक वायू आहे. त्याच्या 10 घन सेंटिमीटरांत 80 घन सेंटिमीटर प्राणवायू मिसळून ठिणगी दिली. भांडे निवल्यावर 60 घन सेंटिमीटर वायू उरला. तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून नेल्यावर 30 राहिला. तर मूळ वायू कोणता?

विद्यार्थी येथे सूत्रामागे धावतो. आम्ही म्हणतो, आधी जमाखर्च लिहा. पोटॅश फक्त कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते. तो 30 झाला होता. शेवटी राहिला तो न वापरलेला प्राणवायू, 30. घातला 80, म्हणजे खर्ची पडला 50. आणि पाणी? ते थेंब होऊन काचेला बसले. त्याने जागा जवळजवळ अडवलीच नाही. पुष्कळांचा हिशेब चुकतो तो या न मोजलेल्या पाण्यापाशी.

आता अ‍ॅव्होगाड्रोने 1811 साली मांडलेला नियम हाताशी घेऊ. तापमान व दाब सारखे असता वायूंच्या समान घनफळांत रेणूही समान असतात. तेव्हा घनफळ मोजले की रेणू मोजले. वायूच्या एका रेणूपासून कार्बन डाय-ऑक्साइडचे तीन रेणू झाले, म्हणून त्यात कार्बनचे अणू तीन. त्याच एका रेणूमागे प्राणवायूचे रेणू पाच लागले. पैकी तीन कार्बनकडे गेले, उरलेल्या दोहोंतील चार अणूंनी पाण्याचे चार रेणू घडवले, आणि त्यांत हायड्रोजन आठ. तीन कार्बन, आठ हायड्रोजन: हा प्रोपेन. पडताळाही सोपा आहे. कार्बनला हात चार. तिघे ओळीने हात धरून उभे राहिले की कडेच्या दोघांचे तीन-तीन आणि मधल्याचे दोन, असे आठच हात मोकळे राहतात.

स्वयंपाकाच्या सिलिंडरात मुख्यतः हा प्रोपेन आणि त्याहून एका कार्बनने मोठा ब्यूटेन असतो. आता न्हाणीघर घेऊ: दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच. हवा 7,500 लिटर, तीत प्राणवायू सुमारे 1,575 लिटर. दार-खिडकी घट्ट लावून आतल्या गीझरवर पाव किलो प्रोपेन जाळला असे धरू. त्याचे घनफळ सुमारे 136 लिटर. पाचपट प्राणवायू हवा, म्हणजे जवळजवळ 680 लिटर. शेकडा 43 भाग संपला! ब्यूटेनला साडेसहापट लागतो, पण तो वजनाला जड असल्यामुळे पाव किलोत घनफळ कमी भरते आणि आकडा जवळपास तोच येतो.

अर्थात ज्योत एवढे होईपर्यंत नीट जळत राहत नाही. प्राणवायू अपुरा पडला की कार्बनला दोनऐवजी एकाच अणूवर भागवावे लागते. प्रोपेनच्या सगळ्या कार्बनचे असे झाले तर पाचाऐवजी साडेतीन रेणूंतच व्यवहार उरकतो, आणि हाती येतो कार्बन मोनॉक्साइड. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. स्नानाला गेलेला माणूस दार उघडण्याआधीच बेशुद्ध पडतो, तो यामुळे.

"वास तर काहीच येत नव्हता," असे अशा वेळी घरचे सांगतात, आणि ते खरेच असते. सिलिंडरच्या गॅसला वास नसतो म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा मरकॅप्टन मिसळतात. पण तो ज्योतीत जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. जुना तांब्याचा बंब पुष्कळ घरांत अंगणात किंवा मागल्या पडवीत पेटे. गॅसचा गीझरही बाहेर उघड्यावर बसवावा आणि आत केवळ पाण्याची नळी आणावी.