चक्रीवादळ : वसई किनारा व काव्यपरंपरा

चक्रीवादळ : उष्ण कटिबंधातील समुद्रावर न्यूनदाब केंद्राभोवती वेगाने फिरणाऱ्या वाऱ्यांच्या प्रचंड भोवऱ्यास चक्रीवादळ म्हणतात. उत्तर गोलार्धात हे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, तर दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने फिरतात. अटलांटिक महासागर व कॅरिबियन समुद्र या भागांत यास हरिकेन, चीन-जपानकडे टायफून व हिंदी महासागरात सायक्लोन अशी नावे आहेत. सायक्लोन हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात घडविला व १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूढ केला. त्याच्या मुळाशी सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना आहे. मराठीत वादळ व तुफान हे शब्द सर्वत्र चालतात. झंझावात व प्रभंजन हे संस्कृत शब्द ग्रंथांतरी अधिक आढळतात. उन्हाळ्यात माळावर धूळ व पाचोळा घेऊन उठणारी वावटळ मात्र निराळी. ती तापलेल्या जमिनीवर क्षणभर उभी राहते. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किमी. पसरते आणि अनेक दिवस जगते.

चक्रीवादळाच्या निर्मितीस समुद्राच्या वरच्या थराचे तापमान साधारणपणे २६·५° से. पेक्षा अधिक असावे लागते. अशा पाण्यावरील बाष्पयुक्त हवा वर चढून थंड होते, बाष्पाचे पाणी होते व त्या क्रियेत बाहेर पडणारी सुप्त उष्णता भोवऱ्यास ऊर्जा पुरविते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आत धावणारे वारे वळविले जातात; हा परिणाम विषुववृत्तावर नसल्यामुळे त्याच्या अगदी लगत चक्रीवादळे होत नाहीत. निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार तफावत असल्यास भोवरा विस्कटतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पूर्ण जोरात असताना अरबी समुद्रावर ही तफावत मोठी असते, म्हणून ऐन पावसाळ्यात तेथे चक्रीवादळे क्वचितच होतात. मोसमी वारे येण्यापूर्वीचे मे-जून व परतल्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्यांचे दोन हंगाम होत. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा वेग ताशी सु. ६३ किमी. झाला, की न्यूनदाबाच्या पट्ट्यास चक्रीवादळ म्हणतात, ८९ किमी.पासून ते तीव्र व ११८ किमी.पासून अतितीव्र समजले जाते.

बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात चक्रीवादळे कमी होतात. दीर्घकालीन प्रमाण सु. चारास एक असे आहे. त्यांतील बरीचशी अरबस्तानाच्या दिशेने जातात किंवा उत्तरेकडे वळून गुजरातचा किनारा गाठतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सरळ चालून येणारी थोडी. या दुर्मिळतेमुळे येथील लोकांत एक प्रकारचा निर्धास्तपणा आला. अलीकडील दशकांत अरबी समुद्राचे पाणी लक्षणीय तापले असून तेथील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढल्याचे वातावरणवैज्ञानिकांना आढळले आहे. तेव्हा हा निर्धास्तपणा आता परवडणारा नाही.

वसईचा किनारा : उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस उल्हास नदीची वसईची खाडी यांमध्ये हा सखल पट्टा पसरलेला आहे. वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा बेट व त्यावरील किल्ला, खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला, मध्ये कळंब, राजोडी, भुईगाव, रानगाव ही किनाऱ्यालगतची गावे व आतील बाजूस प्राचीन शूर्पारक बंदर म्हणजे आजचे सोपारे, अशी याची रचना आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आला. वसई-विरार शहर महानगरपालिका त्यापूर्वीच, २००९ मध्ये, स्थापन झाली होती. नारळ, केळी, विड्याची पाने व फुले यांच्या वाड्या, खाजणातील मिठागरे व कोळीवाड्यांतील मासेमारी ही येथील जुनी उपजीविका. या तिन्हींना वादळाचा धोका सारखाच असला, तरी हानीची तऱ्हा वेगळी असते. केळीची बाग एका रात्रीत आडवी होते, पण वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभी राहू शकते. उन्मळलेला नारळ पुन्हा फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. मिठागरात मे महिन्यात पडलेला अवेळी पाऊस गोळा केलेले मीठ विरघळवून टाकतो. कोळ्याची डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात. वादळाची सूचना मिळाल्यावर होडी खाडीत आणता येते, खुंट आणता येत नाहीत.

वादळ कोणत्या बाजूने जाते यावर वसईचे दैव ठरते. भोवऱ्यातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असल्यामुळे वादळ वसईच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, तर वसईत वारे पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात व पाणी फारसे चढत नाही. तेच वादळ थोडे उत्तरेस चढले, तर वारे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतात आणि समुद्र किनाऱ्यावर लोटला जातो. यात भरती-ओहोटीची भर पडते. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार-पाच मी. अंतर असते. वादळाने चढविलेले एक-दोन मी. पाणी ओहोटीच्या वेळी आले, तर पुळणीवरच राहते. उधाणाच्या भरतीस मिळाले, तर खाड्यांतून खाजणात व वस्तीत शिरते. खाजणे व मिठागरे हे पाणी काही काळ साठवून घेत. त्यांवर भराव घालून इमारती उभ्या राहिल्या, की त्या पाण्याने कोठे जावे हा प्रश्न उरतो. १० जुलै २०१८ रोजी, कोणतेही चक्रीवादळ नसताना, केवळ अतिवृष्टीने नालासोपारा येथे लोहमार्ग पाण्याखाली जाऊन गाड्या थांबल्या होत्या, यावरून त्याची कल्पना येते.

ऐतिहासिक वादळे : वसईवरील सर्वांत प्रसिद्ध आपत्ती मे १६१८ मधील होय. त्या वेळी वसई हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य नगर होते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात पोर्तुगीज साधनांच्या आधारे तिचे वर्णन आले आहे. आधी नगरात रोगाची साथ पसरली होती. मग आभाळ दाटून मेघगर्जना झाली, वारा उठला व रात्रीच्या सुमारास वावटळीने लाटा इतक्या उंच उसळविल्या, की नगर समुद्रात गडप होणार असे लोकांस वाटले. कित्येक गलबते बुडाली, कित्येक किनाऱ्यावर फेकली जाऊन फुटली. फ्रान्सिस्कन व इतर पंथांच्या चर्च-मठांची मोडतोड झाली आणि हजारो माड मुळासकट उपटले गेले. या नोंदींत वादळाबरोबर भूकंपाचाही उल्लेख येतो व त्यामुळे भूकंपांच्या जुन्या सूचींत हे वर्ष जाऊन बसले आहे. वर्णनाचा सारा रोख मात्र चक्रीवादळाचा आहे. पुढे पावसाने ओढ दिली व दुष्काळ पडला. आईबापांनी आपली मुले गुलामांच्या दलालांस विकल्याचे आणि जेझुइटांनी आपल्या तुटपुंज्या साठ्यातून व श्रीमंतांनी दानधर्माने हा प्रकार काही अंशी थांबविल्याचे गॅझेटिअर सांगते. माड पडले, होड्या फुटल्या व पुढचे पीकही गेले, तेव्हा विकण्याजोगे दुसरे काही उरले नव्हते. आपत्तीची खरी खोली पडलेल्या चर्चांपेक्षा या एका तपशिलावरून कळते.

याउलट, प्रसिद्धी पुष्कळ व पुरावा काहीच नाही, असे एक वादळ १८८२ चे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ येऊन १ लाख माणसे दगावली, असे जगातील मोठ्या आपत्तींच्या अनेक याद्यांत छापलेले आढळते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सु. पावणेआठ लाख होती; म्हणजे दर आठ माणसांमागे एक मेला असे मानावे लागेल. एवढ्या संहाराची नोंद त्या काळच्या वृत्तपत्रांत नाही आणि कुलाबा वेधशाळेच्या निरीक्षणांतही नाही. हवामानतज्ञ ॲडम सोबेल व कादंबरीकार अमिताव घोष यांनी या कथेची छाननी केल्यानंतर ती निराधार असल्याचे बहुतेकांनी मान्य केले आहे, तरीही तो आकडा एका यादीतून दुसऱ्या यादीत निमूटपणे उतरत असतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याचा स्तूप उकरीत होते.

खरे मोठे वादळ मुंबईच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर १९४८ मध्ये आले. त्यानंतर पुष्कळ वर्षे तसा तडाखा बसला नाही. ‘फयान’ हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. सागरावर असलेल्या मच्छीमारांची त्यात प्राणहानी झाली. ‘ओखी’ डिसेंबर २०१७ मध्ये क्षीण होत दक्षिण गुजरातेकडे गेले. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले व श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळींच्या बागा त्याने भुईसपाट केल्या. वसई त्याच्या उत्तरेस राहिल्यामुळे बचावली. पुढील वर्षी ‘तौक्ते’ हे अतितीव्र वादळ किनाऱ्यास समांतर उत्तरेकडे सरकत १७ मे २०२१ च्या रात्री दीव व उना यांच्या दरम्यान जमिनीवर आले. ते वसईवर चढले नाही. तरी त्याची उजवी, म्हणजे अधिक जोराची, बाजू या किनाऱ्याकडे होती. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत सु. २३० मिमी. पाऊस झाला, मे महिन्यातील हा उच्चांक होता. वसई-विरारमध्ये झाडे व विजेचे खांब पडून वीजपुरवठा खंडित झाला. बाँबे हाय तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी सत्तरांहून अधिक मरण पावले. सूचना आगाऊ मिळाली असूनही हे घडले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : उपग्रह वादळाचा मार्ग दाखवितात, बंदर गाठण्याचा निर्णय मनुष्यासच घ्यावा लागतो. मासेमारीवरील शासकीय बंदी १ जूनपासून लागू होते. मे महिन्यातील वादळ हंगामाच्या शेवटच्या, शक्य तेवढे मिळवून घेण्याच्या दिवसांत येते; म्हणून किनाऱ्यावर परतण्याचा इशारा कोळ्यांना महाग पडतो.

काव्यातील वादळ : वैदिक वाङ्‌मयात मरुद्‌गण हे वादळाचे देव असून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६८ वे सूक्त वात या देवतेस उद्देशून आहे. तेथील वादळ भूमीवरचे व पर्जन्याशी निगडित आहे. समुद्रावरील वादळ भारतीय साहित्यात आले ते व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, आणि त्याचा सोपाऱ्याशी निकट संबंध आहे.

पाली जातकांतील ‘सुप्पारक जातका’त (क्र. ४६३) या नावाचा एक आंधळा नाविक येतो. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली असते. भरुकच्छाहून म्हणजे भडोचहून सातशे व्यापारी त्याला घेऊन निघतात. सात दिवस सुखरूप प्रवास झाल्यावर अकाली वारा सुटतो व गलबत चार महिने भरकटते. ते अनोळखी समुद्रांतून जाते. व्यापारी पाण्याचा रंग व रूप सांगतात, आंधळा सुप्पारक त्यावरून प्रत्येक समुद्राचे नाव सांगतो. अखेर वडवामुखाशी आल्यावर तो आपल्या सत्याच्या बळावर गलबत परत फिरवितो. आर्यशूराने संस्कृत ‘जातकमाले’त हीच कथा सुपारग या नावाने गद्यपद्यात सांगितली असून नाविकाच्या नावावरून त्याच्या नगरासही सुपारग म्हणतात, असे म्हटले आहे. सुपारग म्हणजे सुखरूप पैलपार नेणारा. ‘अकाली वारा’ हा कथेतील तपशील लक्षणीय आहे. व्यापारी अनुकूल हंगाम पाहूनच निघत. तेव्हा हंगामाबाहेर अवचित उठणारे वादळ या किनाऱ्यावरील नाविकांच्या अनुभवातले असावे, असा तर्क करता येतो. त्याहून अधिक काही कथेतून काढणे धाडसाचे होईल. ‘दिव्यावदाना’तील पूर्णाच्या कथेतही शूर्पारकाचे व्यापारी चंदनाच्या शोधात निघून यक्षाने उठविलेल्या वादळात सापडतात आणि पूर्ण त्यांना सोडवितो. त्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी प्रासाद उभारला जातो. दोन्ही कथांत वादळाशी झुंज नाही. एकात ज्ञान व सत्य, दुसऱ्यात सिद्धीचे सामर्थ्य माणसास तारते.

पोर्तुगीज कवी कामाँइश यांच्या ‘लुझियाद’ (१५७२) या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात वास्को द गामाची गलबते मालिंदीहून कालिकतकडे येताना वादळात सापडतात. ग्रीक-रोमन देवांच्या वैरातून ते उठते व व्हीनसने पाठविलेल्या अप्सरा वाऱ्यांना शांत करतात. कवी स्वतः १५५३ मध्ये गोव्यास आला होता. हा समुद्र त्याने पाहिला होता. दोरखंड, शिडे व खलाशांची धावपळ यांच्या वर्णनात ते जाणवते. हे काव्य प्रसिद्ध झाले, तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे जाऊन अडतीस वर्षे झाली होती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये, म्हणजे वसईच्या वादळापूर्वी दोनच वर्षे छापले गेले; त्यात नोआच्या काळातील महापुराची कथा येते.

मराठी संतकाव्यात भवसागर, तारू व नावाडी यांच्या प्रतिमा विपुल आहेत. पण हा सागर बव्हंशी परंपरेतून आलेला आहे. संतांचे जीवन चंद्रभागा, इंद्रायणी, गोदावरी यांच्या काठी गेले व त्यांच्या नौकेस पैलतीर दिसत असतो. समुद्रातील वादळाला आधुनिक मराठी कवितेत ठळक स्थान मिळाले ते कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेत (‘विशाखा’, १९४२). तेथे सागर मानवी जिद्दीचा प्रतिस्पर्धी आहे व त्याला आव्हान दिले जाते. स्वातंत्र्यलढ्याच्या त्या वर्षांत वाचकांनी तिच्यात आपले मनोगत ऐकले. जातकातील नाविकाची वृत्ती व ही वृत्ती यांत मोठे अंतर आहे.

किनाऱ्यावरील गाण्यांचा सूर आणखी वेगळा. कोळीगीतांत वादळाचे वर्णन थोडे व दर्याची विनवणी अधिक असते. नारळी पौर्णिमेस नारळ वाहताना समुद्राला आव्हान देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ज्याची होडी त्याच पाण्यावर दुसऱ्या दिवशी जायची असते, तो त्याच्याशी वैर बोलत नाही. घरचा माणूस दर्यावर असता किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या स्त्रीचे बोल या गाण्यांत वारंवार येतात. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना २००४ पासून नावे देण्यात येऊ लागली व सभोवतीचे देश ती सुचवितात. ‘निसर्ग’ व ‘ओखी’ ही बांगला देशाने, तर ‘फयान’ व ‘तौक्ते’ ही म्यानमारने दिलेली नावे होत. ओखीचा अर्थ डोळा व तौक्तेचा पाल असा आहे. १६१८ च्या वादळाला मात्र नाव नाही.